माळ रिकामा नव्हता : प्रस्तावना

सोलापूर जिल्ह्यात मूळचे कोण आणि बाहेरून आलेले कोण, हा प्रश्न चार पिढ्यांपलीकडे नेला की बहुतेकांची पंचाईत होते. भवानी पेठेत मागावर पिढ्या घालवलेल्या पद्मशाली घराण्यांचे पूर्वज तेलंगणाच्या कोरडवाहू मुलखातून आले. शहरातली जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली तेव्हा १८७६-७८ चा दुष्काळ ऐन भरात होता, म्हणजे माणसांनी गाव सोडण्याचेच ते दिवस होते. खुद्द ग्रामदैवत सिद्धरामेश्वर आख्यायिकेत गुरे राखणारे पोर म्हणून भेटतात. मल्लिकार्जुनाच्या शोधात श्रीशैलाला जातात, परत येऊन तळे खोदवतात आणि अडुसष्ट लिंगांची स्थापना करतात. शहर कसे वसले याबद्दल आपल्याकडे बरेच लिहिले-बोलले जाते. शहराबाहेर, भीमा, नीरा आणि माण या नद्यांच्या मधल्या माळावर ज्यांनी गावठाण सोडून रानातच घर घातले आणि पहिली बागायत उभी केली, आणि ज्यांनी त्याआधी कित्येक शतके त्याच माळावर गुरे-मेंढरे पोसली, त्यांचा इतिहास मात्र दोन वेगळ्या खात्यांवर नोंदला गेला आहे. बागायतदार सापडतो तो सहकार आणि साखरेच्या पुस्तकांत. धनगर आणि गवळी सापडतात ते लोकदैवते आणि ओव्यांच्या पुस्तकांत. एकाच जमिनीवर, एकाच पाण्याच्या आशेने जगलेली ही माणसे पुस्तकांत एकमेकांना भेटतच नाहीत. पुढील प्रकरणे लिहिली ती ही भेट घडवण्यासाठी, आणि त्यामागे एक निश्चित भूमिका आहे: माळावर पहिले पाऊल टाकणारा वस्तीकरी धाडसी होता हे खरे, पण तो रिकाम्या जमिनीवर आला नव्हता. त्याच्या नांगराला जुंपलेला बैल, त्याच्या उसाला मिळालेले खत आणि पुष्कळदा त्याच्या पायाखालची जमीनही आधीच्यांनी सांभाळून ठेवलेली होती. ही गोष्ट वगळून लिहिलेला वस्तीचा इतिहास अर्धा राहतो, आणि त्या अर्धेपणाचे परिणाम कायद्यापर्यंत आणि चारा छावणीपर्यंत पोहोचतात.

आधी बागायतदाराची कथा तिच्या पूर्ण मानाने सांगितली पाहिजे, कारण ती सांगण्यासारखीच आहे. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी १८८५ पासून बारामतीच्या बाजूला वाहू लागले. सरकारला वाटले होते की दुष्काळी मुलखातले शेतकरी पाण्यावर तुटून पडतील. तसे झाले नाही. पाणी पाटातून वाहत राहिले आणि आजूबाजूचा शेतकरी ज्वारीच करीत राहिला. ते पाणी ज्यांनी पहिल्यांदा नेटाने उचलले त्यांत सासवडचे माळी पुढे होते. पुरंदरच्या पायथ्याशी विहिरीच्या पाण्यावर भाजीपाला आणि ऊस काढण्याची विद्या त्यांच्या हातात होती; जमीन मात्र थोडी. त्यांनी बारामतीच्या बाजूला जमिनी खंडाने घेतल्या, तिथून काही कुटुंबे गोदावरी आणि प्रवरेच्या कालव्यांवर गेली, आणि १९२० च्या दशकात भाटघरचे मोठे धरण होऊन नीरेचा उजवा कालवा फलटण संस्थानातून माळशिरसकडे आला तेव्हा त्यांची एक फळी सोलापूर जिल्ह्यात उतरली. १९३० नंतरच्या मंदीत गुळाचे भाव कोसळले. त्याच सुमारास, १९३२ साली, देशी साखरेला आयातीपासून संरक्षण देणारा कायदा झाला, आणि या शेतकऱ्यांनी आपले भांडवल एकत्र करून त्याच वर्षी दि सासवड माळी शुगर फॅक्टरी ही कंपनी स्थापली. तिच्याभोवती जे गाव उभे राहिले ते माळीनगर. वालचंदनगर आणि श्रीपूर येथे उद्योजकांनी साखर कारखाने काढले तो काळही हाच. पण माळीनगरचे मालक स्वतः ऊस पिकवणारे होते. लोणीचा प्रवरा सहकारी कारखाना नोंदला गेला १९४८ साली. म्हणजे शेतकऱ्याने साखर कारखान्याचे मालक व्हावे ही कल्पना लोणीला सहकाराचे रूप घेण्याआधी सोळा वर्षे माळशिरसच्या माळावर प्रत्यक्षात आली होती. महाराष्ट्राच्या इतिहासात या घटनेला जेवढी जागा मिळायला हवी तेवढी अजून मिळालेली नाही, असे मला वाटते.

या कामात काय काय करावे लागे ते थोडे जवळून पाहू. खंडाने मिळणारी जमीन बहुधा खोल काळी, हरळी आणि कुंद्याने व्यापलेली असे. हरळीची काशी राहिली तर पाणी मिळताच ती पिकाच्या आधी वर येते. कुंद्याच्या मुळ्या तर हातभर खाली असतात. त्यामुळे उन्हाळ्यात सहाबैली किंवा आठबैली नांगर घालून ढेकळे उलथी करायची, ती उन्हात भाजू द्यायची, बायकामाणसांनी काशा वेचून जाळायच्या आणि मगच सरी काढायची. १९०३ पासून किर्लोस्करांचा लोखंडी नांगर मिळू लागला तेव्हा हे काम खोल आणि जलद होऊ लागले, पण ओढायला बैल तेवढेच लागत. आडसाली ऊस पावसाळ्याच्या तोंडाशी लावला की सोळा ते अठरा महिने रानात उभा. तेवढे दिवस खंड, पाणीपट्टी, करंजीची आणि भुईमुगाची पेंड, पुढे अमोनियम सल्फेट, आणि मजुरी यांचा खर्च चालूच राहणार. पैसा हातात येणार तो गुऱ्हाळ लागल्यावर. कालव्याचे पाणीही मागेल तेव्हा मिळत नसे. विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नीरेवर आणलेल्या ब्लॉक पद्धतीत ठरलेल्या क्षेत्राचा साधारण तिसरा हिस्सा उसाला आणि बाकीचा हंगामी पिकांना, अशी वाटणी होती. पाळी रात्रीची आली तर कंदील घेऊन बारे धरायचे. घर गावठाणात ठेवून हे जमणे अशक्य होते. म्हणून माणसे रानात राहायला गेली: आधी पाचटाची कोपी, मग पांढऱ्या मातीच्या भिंती, मग पत्रा. गावाच्या वेशीच्या, देवळाच्या आणि भाऊबंदांच्या आधाराबाहेर, कोल्ह्या-रानडुकरांच्या वाटेवर असे घर घालणे हे त्या काळी लहान धाडस नव्हते. आणि त्या घरातल्या बाईने लहान पोर बांधावर झोळीत टाकून काशा वेचल्या, खुरपणी केली आणि गुऱ्हाळावर राबणाऱ्यांच्या भाकऱ्या थापल्या, याची नोंद कुठल्याही भागधारक-यादीत नाही.

आता या वर्णनातला बैल बाजूला काढून पाहू. सहाबैली नांगर म्हणजे तीन जोड्या. एका कुटुंबाकडे तेवढी जनावरे क्वचितच असत. सावड करून, इर्जिक घालून, भाड्याने आणून ती जमवावी लागत. पण ती जनावरे मुळात आली कुठून? सासवडहून कुणी बैलांचे कळप हाकत आणले नव्हते. ते आले आटपाडी, म्हसवड, सांगोला, जत, मंगळवेढा या माणदेशी पट्ट्यातून, खिल्लार जनावरांच्या बाजारांतून. खरसुंडीच्या यात्रेत, पंढरपूरच्या कार्तिकीत, सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात आणि सोलापूरच्या गड्डा यात्रेत ती विकली जात. खिल्लार ही जात आपोआप झालेली नाही. कमी पावसाच्या, खुरट्या गवताच्या मुलखात, दिवसभर चालून चरणाऱ्या कळपांतून, पिढ्यानपिढ्या वळू निवडून ती घडवली गेली. गाय दूध थोडे देते, आणि पाळणारा तेही बहुतेक वासराला पाजतो. कारण त्याला विकायचा असतो तो खोंड. लांब, मागे वळलेली शिंगे आणि पांढरा-करडा रंग यांचे कौतुक सगळेच करतात. शेतकऱ्याला हवे असते ते दुसरे: टणक काळे खूर, उन्हात न दमणारी चाल आणि कडब्यावर भागवून नेणारी प्रकृती. हे गुण ज्यांनी निवडून पक्के केले ते धनगर, त्यातले ठेलारी, आणि माणदेशचे कोरडवाहू शेतकरी. ज्या काळात ट्रॅक्टर नव्हता त्या काळात कालव्याच्या काठची सगळी ताकद या कोरड्या मुलखातून येत होती. पाणी सह्याद्रीतून आले, विद्या सासवडहून आली, आणि ओढ आली माणदेशातून. पहिल्या दोहोंची नोंद झाली, तिसरीची राहिली.

खताचेही तसेच. पेंड आणि सल्फेट महाग होते. त्याआधी, आणि त्यांच्या जोडीने, शेत कसदार राखण्याचा मार्ग होता मेंढरे बसवण्याचा. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे माणदेशातून निघत. घोड्यांवर बिऱ्हाड, त्यावर कोंबड्या आणि करडे, मागे कुत्री, पुढे मेंढरे. पीक निघालेल्या रानात शेतकरी त्यांना रात्रीच्या वस्तीला बोलावी. वाघूर, म्हणजे जाळ्याचे कुंपण, लावून मेंढरे एका वाफ्यात बसवायची, दुसऱ्या रात्री शेजारच्या. लेंडी आणि मूत जागच्या जागी मातीत जाई. वाहतूक नाही, कुजवणे नाही. मोबदला धान्यात, पुढे पैशांत. ही प्रथा अजून चालू आहे, आणि ती चालू आहे हाच तिच्या उपयुक्ततेचा पुरावा. धनगर भटका होता असे आपण सहज म्हणतो. पण त्याच्या वाटा ठरलेल्या होत्या, कोणत्या गावात कुणाच्या रानात कधी बसायचे हे ठरलेले होते, आणि पावसाळ्यात तो कुठल्या माळावर परतणार हेही. इंग्रजी मुलूख, निजामाचा मुलूख, फलटण, औंध, जत, अक्कलकोट अशी संस्थाने या भागात एकमेकांत गुंतलेली होती. एका हद्दीत पाऊस हुकला किंवा वनचराई वाढली तर दुसऱ्या हद्दीत जायचे, हे त्याचे दुष्काळ-नियोजन होते. स्थिर शेतकऱ्याला असे हलता येत नसे, म्हणून दुर्गादेवीच्या दुष्काळापासून १८७६ पर्यंत दुष्काळ आला की कोरडवाहू शेतकरी मोडत असे.

नव्या मुलखात वस्ती घालणाऱ्यांच्या कथा जगभर एकाच साच्यात सांगितल्या गेल्या आहेत, आणि आपली कथाही नकळत त्या साच्यात ओतली गेली. अमेरिकेत १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे जमीन कसणाऱ्याला १६० एकर मिळू लागले. १८९३ साली फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने मांडले की, या पुढे पुढे सरकणाऱ्या सीमेनेच अमेरिकी माणूस घडवला. त्या मांडणीत गवताळ प्रदेश मोकळा होता. प्रत्यक्षात तो मूळ रहिवाशांचा आणि रानरेड्यांच्या कळपांचा होता. आणि ज्या गुरेपालकाला अमेरिकी धाडसाची मूर्ती मानले गेले त्याची दोरफास, डागणी आणि घोड्यावरून कळप हाकण्याची सारी कला मेक्सिकन गुराख्यांकडून घेतलेली होती. आपल्याला अधिक जवळचे उदाहरण पंजाबचे. चिनाबच्या कालव्यावर १८९२ पासून लायलपूरच्या बाजूला वसाहती घातल्या गेल्या तेव्हा तिथल्या ‘बार’ नावाच्या माळावर उंट-गुरे चारणाऱ्या जमाती होत्या. सरकारी कागदांत त्यांना जांगली म्हटले गेले, आणि त्यांचे चराऊ रान ‘पडीक’ या सदरात जमा झाले. पंजाबात हे सरकारने आखून केले. नीरेच्या काठी तसे काही आखलेले नव्हते. इथे वस्तीकरी खंड देऊन, करार करून, स्वतःच्या जोखमीवर आला. हा फरक मोठा आहे आणि तो विसरून सासवडच्या माळ्यांना वसाहतवादी म्हणणे अन्यायाचे होईल. पण जमीन पडीक होती, पाणी आले आणि सोने झाले, हे जे वाक्य आपल्या गौरवग्रंथांत येते त्याचे मूळ त्याच सरकारी सदरात आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल: पाणी दारात असताना स्थानिकांनी ते घेतले नाही, बाहेरच्यांनी येऊन घेतले, मग श्रेय त्यांनाच का नको? श्रेय द्यायलाच हवे. पण स्थानिकांच्या संयमाला आळस किंवा अडाणीपणा म्हणणे पुराव्याला धरून नाही. खोल काळ्या रानात रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या ओलीवर येते. वर पाणी द्यावे लागत नाही. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ आजही या मुलखात टिकून आहे ती त्यामुळे. अशा रानात ऊस घ्यायचा म्हणजे दीड वर्षाचे भांडवल गुंतवायचे, आणि ते सावकाराकडून आणायचे. शिवाय पाण्याचा धोका लवकरच दिसू लागला होता. निचरा नसलेल्या काळ्या जमिनीत पाणी मुरत गेले की खालचे क्षार वर येतात. आधी पांढरी साय धरते, मग पीक पिवळे पडते, मग जमीन चोपण होते. हॅरल्ड मॅन आणि ताम्हाणे या शेतीशास्त्रज्ञांनी नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर १९१० सालीच पुस्तिका लिहिली, म्हणजे कालवा सुरू होऊन अवघी पंचवीस वर्षे झाली होती. जमीन मालकाची आणि ऊस खंडाने कसणाऱ्याचा असेल तर जमीन फुगल्यावर कसणारा पुढच्या गावी जाऊ शकतो. मालक कुठे जाणार? स्थानिकाचा सावधपणा या प्रश्नातून आलेला होता. डोनाल्ड अ‍ॅटवुड यांनी ‘रेझिंग केन’ (१९९२) या पुस्तकात नीरा डाव्या कालव्याचा जो अभ्यास मांडला आहे त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते: ऊस पैसा देतो हे दिसल्यावर स्थानिक मराठा शेतकरीही त्याकडे वळले, माळ्यांकडूनच शिकले, आणि पुढे सहकारी कारखान्यांचे नेतृत्व त्यांच्यातून आले. कष्टाची आणि बुद्धीची मक्तेदारी कुणा एका जातीकडे नव्हती. भांडवल, बाजाराची ओळख आणि धोका पत्करण्याची मोकळीक ही ज्याच्याकडे आधी होती तो आधी गेला.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. बागायतदाराने खंडपत्रे, पाणीपट्टीच्या पावत्या, कंपनीचे अहवाल मागे ठेवले. पशुपालकाने काय ठेवले? कागद नसताना त्याला इतिहासात आणणे म्हणजे कल्पनेने जागा भरणे नव्हे का? कागद नाहीत म्हणून पुरावा नाही, हे मला मान्य नाही. या भागातल्या जुन्या देवळांच्या आवारात वीरगळ उभे आहेत. त्यांतल्या कित्येकांवर खालच्या चौकटीत गाई कोरलेल्या दिसतात, वर झुंज, त्यावर अप्सरा वीराला नेताना, आणि माथ्यावर शिवलिंगाची पूजा. गोधन राखताना पडलेल्या माणसासाठी गावाने दगड घडवून घेतला, याचा अर्थ त्या गावाची संपत्ती तेव्हा कशात मोजली जात होती हे सांगण्यासाठी दस्त लागत नाही. दुसरा पुरावा देवांचा. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात पंढरीच्या विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या देवात दाखवले, गुंथर सोन्थायमर यांनी खंडोबा, बिरोबा, म्हसोबा यांच्या पाठीमागे पशुपालकांच्या वाटा शोधल्या. खंडोबाच्या दोन बायका सर्वांना माहीत आहेत: म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. एक घर-दुकानाच्या जगातली, एक रानाच्या. दोघींचे भांडण ओव्यांत रंगते आणि देव दोघींकडे राहतो. शेती-व्यापार आणि पशुपालन या दोन जगांनी एकमेकांशी सोयरीक करून जगण्याची ही नोंद शेकडो वर्षे गायली गेली आहे. तिसरा पुरावा स्वतः खिल्लार जनावर, ज्याच्या खुरात आणि चालीत त्याला घडवणाऱ्याची निवड अजून वाचता येते. एवढे असताना कागद नाही म्हणून पान कोरे सोडणे हा काटेकोरपणा नव्हे.

तिसरा आक्षेप पोटाचा आहे, म्हणून तो सर्वांत गंभीर. गवतावरचे जगणे कितीही सुंदर म्हटले तरी त्याने एवढ्या लोकसंख्येला अन्न दिले नसते. कालव्याने, आणि १९८० साली पूर्ण झालेल्या ११७ टीएमसीच्या उजनी धरणाने, या जिल्ह्यातले दुष्काळी मरण थांबवले. मग माळाबद्दल हळहळ कशाला? दुष्काळातले मरण थांबले यापुढे कुठलीही हळहळ लहानच आहे, हे मी निःशंकपणे मान्य करते. १९७२ साली दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या बायकांना कुणी माळाचे सौंदर्य सांगायला जाऊ नये. पण आक्षेपातले गृहीतक तपासले पाहिजे. पाणी सगळीकडे पोहोचले नाही. कालव्याच्या वरच्या अंगाला, सांगोला-मंगळवेढ्याच्या बाजूला, माणूस अजून पावसावर आणि जनावरांवर जगतो. आणि डाळिंबाने सांगोल्याला हात दिला तोही ठिबकच्या, म्हणजे थोड्या पाण्याच्या हिशेबाने. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात याच तालुक्यांत चारा छावण्या उघडाव्या लागल्या, आणि त्या छावण्यांत दावणीला जे टाकले गेले त्यात मोठा वाटा ऊस आणि उसाच्या वाढ्यांचा होता. शंभर वर्षांपूर्वी माणदेशाने कालव्याला बैल दिले. आज कालव्याकडून माणदेशाला चारा विकत घ्यावा लागतो, आणि तोही असा चारा, की ज्यावर जनावर जगते पण पोसत नाही. मधल्या काळात कुरणे आणि गायराने कुठे गेली, हा प्रश्न विचारल्याशिवाय हा उलटा प्रवास समजत नाही. त्यांतली काही लागवडीखाली आली, काही वनखात्याने बंद केली, काहींवर अतिक्रमण झाले, आणि बाकीची सरकारी नकाशांवर पडीक म्हणून रंगवली गेली. ज्या गवताळ माळाला पडीक म्हटले त्याच माळावर माळढोक आहे, काळवीट आहे, लांडगा आहे, हे ओळखून १९७९ मध्ये नान्नजसह माळढोक अभयारण्य जाहीर झाले. ते सुरुवातीला ८,४९६ चौरस किलोमीटरचे होते. २०१२ साली ते सुमारे १,२२२ वर आणले गेले. या मधल्या वर्षांत एका बाजूला शेतकऱ्याचे खरेदी-विक्रीचे व्यवहार अडले आणि दुसऱ्या बाजूला मेंढपाळाची चराई अडली, तरी माळढोक वाढला नाही. माळाचा इतिहास माहीत नसताना माळाविषयी केलेला कायदा कुणालाच कसा पुरत नाही, याचे याहून ठळक उदाहरण मला ठाऊक नाही.

जमीन आधीच्यांची होती हे म्हणणे कुणाला भावनेचे वाटले, तर खंडकऱ्यांचा लढा पाहावा. साखर कंपन्यांनी कालव्यांवर हजारो एकर जमीन स्थानिक शेतकऱ्यांकडून खंडाने घेतली होती. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने कंपन्यांकडची जास्तीची जमीन सरकारकडे गेली आणि १९६३ पासून ती शेती महामंडळ कसू लागले. ज्यांनी ती मुळात भाड्याने दिली होती ते मालक, आता खंडकरी म्हणून ओळखले जाणारे, दोन पिढ्या आपलीच जमीन परत मागत राहिले. माधवराव गायकवाडांसारख्या नेत्यांनी हा प्रश्न आयुष्यभर लावून धरला, आणि प्रत्यक्ष वाटप २०१२ नंतर सुरू झाले. त्यात माळशिरस तालुकाही आहे. ओसाड माळ बाहेरच्यांनी येऊन पिकवला, एवढ्यावर गोष्ट संपली असती तर हा लढा उभाच राहिला नसता. ओसाड म्हटलेल्या प्रत्येक तुकड्याला नाव होते, सातबारा होता, आणि चाळीस-पन्नास वर्षे कचेरीच्या पायऱ्या चढणारा वारस होता. आणि खंडकऱ्याकडे निदान सातबारा होता. त्याच रानात दिवाळीनंतर मेंढरे बसवणाऱ्याकडे तोही नव्हता. त्याचा हक्क वहिवाटीचा होता, आणि बारमाही ऊस उभा राहिल्यावर मेंढरे बसवायला मोकळे रानच उरले नाही. त्याने कुणावर दावा लावायचा? जे नुकसान कागदावर येत नाही त्याची भरपाई मागताही येत नाही, म्हणून ते झालेच नाही असे धरले गेले.

हे सारे जुन्या हिशेबासाठी लिहिलेले नाही. टेंभू आणि म्हैसाळ योजनांचे उपसा पाणी आटपाडी, सांगोला, जत, मंगळवेढा या भागांत येऊ लागले आहे. १९२० च्या दशकात माळशिरस जिथे उभा होता तिथे माणदेश आता उभा आहे. पाणी आल्याबरोबर ऊस येईल का, काळ्या रानाचा निचरा आधी होईल की जमीन चोपण झाल्यावर, गायरानांचे काय होईल, खिल्लार गाय शर्यतीच्या आणि प्रदर्शनाच्या खोंडापुरती उरेल की शेतकऱ्याच्या गोठ्यात राहील, वाड्याला बसायला रान मिळेल की रस्त्याच्या कडेचीच जागा, हे प्रश्न या दहा-वीस वर्षांत निकाली निघतील. निचऱ्याचा प्रश्न सोडला तर नीरेच्या काठी हे प्रश्न कुणी विचारले नाहीत, कारण ते विचारायचे असतात हे तेव्हा माहीत नव्हते. आता माहीत आहे.

या भूमिकेमुळे प्रकरणांचा क्रमही नेहमीपेक्षा वेगळा लावला आहे. पुस्तक धरणापासून सुरू होत नाही. पहिला भाग वाड्याचा आणि कळपाचा: वाटा, बाजार, वळूची निवड, मेंढरे बसवण्याचे करार, लोकर आणि घोंगडी. दुसरा कोरडवाहू ज्वारीच्या शेतकऱ्याचा, कारण कालवा येण्याआधी आणि आल्यानंतरही संख्येने मोठा तोच. सासवडहून आलेले वस्तीकरी तिसऱ्या भागात येतात, आणि तिथे त्यांच्या कष्टांना, हिशेबी बुद्धीला आणि १९३२ च्या त्या धाडसी निर्णयाला जितकी जागा हवी तितकी दिली आहे. चौथ्या भागात खंडकरी, उजनीचे विस्थापित आणि छावणीतली जनावरे एकत्र येतात. उजनीच्या पाण्याखाली गावे गेलेल्यांनीही दुसरीकडे जाऊन नव्या रानात पहिले घर घातले आहे. त्यांनी ते स्वखुशीने घातले नाही, म्हणून वस्तीकऱ्यांच्या यादीतून त्यांचे नाव गाळावे असे मला वाटत नाही. बायकांसाठी वेगळे प्रकरण केलेले नाही. घोड्यावर बिऱ्हाड चढवणारी, वाघुरीत रात्री जागणारी, काशा वेचणारी, छावणीत शेणकूर करणारी बाई प्रत्येक भागात कामावर आहे, आणि ती जिथे आहे तिथेच तिला दाखवले आहे. ज्या वाचकांना साखरेच्या राजकारणात अधिक रस असेल त्यांनी तिसरा भाग आधी वाचायला हरकत नाही. मात्र तो वाचून झाल्यावर पहिल्याकडे परत यावे, कारण तिसऱ्या भागात नांगर ओढणारे बैल कुठून आले ते तिथे सांगितले आहे.

भवानी पेठ, सोलापूर